गुडघा दुखतोय, तरी जिमला जायचंय

गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे जावं, तर ते म्हणतात रोज चाला, वजन उतरवा. चालायला लागावं, तर गुडघे दुखतात. या फेऱ्यात अडकलेलं माणूस बारामती-इंदापूर भागात घरटी एक तरी सापडेल. जन्मभर खुरपणीला उकिडवी बसलेली बाई, साखर कारखान्यात पाळीला उभं राहून निवृत्त झालेला फिटर, तरुणपणी तालमीत बैठकांचा घाम गाळलेला पैलवान, एमआयडीसीत खुर्चीत बसून पंधरा किलो वाढवून घेतलेला सुपरवायझर. दुखणं आलं वेगवेगळ्या वाटांनी, पण मुक्काम एकाच सांध्यात.

पूर्वी यावरचा उपाय म्हणजे पहाटे कॅनॉलच्या कडेनं फेरी. आता तालुक्याच्या गावांत जिम झाल्या आहेत आणि तिथे फक्त दंड कमावणारी पोरंच जातात असंही राहिलेलं नाही. मुलगा आईची वर्षाची फी भरून टाकतो. आई पहिल्या दिवशी जाते. ट्रेनर ट्रेडमिलवर उभं करतो, ताशी पाच किलोमीटरचा वेग लावतो आणि पलीकडच्या पोराच्या बेंच प्रेसकडे वळतो. तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म. मग घरात ठरतं, की आईला जिम सोसत नाही. माझ्या मते बहुतेक वेळा दोष जिमचा नसतो आणि आईचाही नसतो. सीट किती उंच, चढ किती, भार किती, वेग किती या चार गोष्टींवर सांध्यावर काय येणार ते ठरतं, आणि त्या चारही गोष्टी त्या बाईसाठी कुणी लावलेल्याच नसतात.

आधी सांध्याचं काम समजून घेऊ. दवाखान्याबाहेरच्या बाकावर ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. वंगण असं संपत नाही. सांध्याच्या आतलं अस्तर तो द्रव सतत तयार करत असतं. झिजते ती हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार आला की ती दाबली जाते, सुटला की फुगते, आणि या दाब-सुटीतून तो द्रव आतबाहेर होऊन तिचं पोषण होतं. म्हणजे गुडघा महिनोन्‌महिने जपून ठेवला तर कूर्चेची उपासमारच होते. दुसरं नुकसान मांडीचं. पाय दुखतो म्हणून वापर कमी, वापर कमी म्हणून मांडीच्या पुढचा स्नायू बारीक. चालताना बसणारा हिसका आधी हाच स्नायू झेलतो. तो ढिला पडला की सगळा भार सांध्यावर. म्हणून हालचाल हवीच, प्रश्न फक्त मात्रेचा आहे.

मात्रा किती, हे आज मोजता येतं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी गुडघा बदलताना काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवले आणि माणूस चालताना, बसताना, जिना चढताना आतला दाब रेडिओलहरींवरून बाहेर वाचला. दोन पायांवर नुसतं उभं राहिलं, तर एका गुडघ्यावर साधारण आपल्या वजनाइतका भार येतो. सपाटीवर चालताना तो अडीच पटीच्या वर जातो. जिना चढताना तीन पटीच्या वर आणि उतरताना साडेतीन पटीच्या जवळ. वजनापेक्षा जास्त भार येतो कुठून? स्नायूंकडून. शरीर तोलून धरायला स्नायू हाडांना एकमेकांकडे ओढतात, आणि ती ओढ सांध्याच्या हिशेबात मिळवली जाते. क्विंटलमध्ये सांगायचं, तर ७५ किलोचा माणूस जिना उतरतो तेव्हा क्षणभर त्याच्या एका गुडघ्यावर अडीच क्विंटलहून अधिक भार असतो. सपाटीवर चालताना दोन क्विंटलच्या आसपास. तोच माणूस व्यायामाच्या सायकलवर हलक्या भारानं पॅडल मारत असेल, तर नव्वद किलोच्या घरात.

हा एकच हिशेब लक्षात ठेवला तरी कुठल्या यंत्रापासून सुरुवात करायची ते कळतं. आणि आणखी एक गोष्ट कळते, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्याकडच्या कितीतरी जिम पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर असतात. खाली दुकानं, वर जिम, लिफ्ट नाही. गुडघ्याचा खरा व्यायाम तिथल्या जिन्यावरच होऊन जातो आणि नाव मात्र सायकलचं निघतं. निवड करता येत असेल, तर तळमजल्यावरची जिम बघा, दोन यंत्रं कमी असली तरी चालतील. नाहीच सापडली, तर कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी वर टाका, उतरताना दुखरा पाय आधी खाली. एका पायरीवर दोन्ही पाय आणून मग पुढची पायरी.

आता सायकल. दुखऱ्या गुडघ्यानं जिममध्ये शिरलेल्या माणसानं पहिला महिना हिच्यावरच काढावा असं माझं स्पष्ट मत आहे. शरीराचं वजन सीट घेते आणि पाय जमिनीवर आदळत नाही. पण याच सायकलवर गुडघे बिघडवून घेणारेही कमी नाहीत, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: सीट फार खाली.

असं का होतं ते जिममध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तर दिसतं. नवखा माणूस सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघतो, स्कूटरवर बसताना बघतो तसं. टेकत नसतील तर सीट खाली घेतो. मग पॅडल वर आलं की गुडघा छातीकडे येतो, सांधा पुरता दुमडतो, आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. वाटीमागचं दुखणं असलेल्याला याहून वाईट काही नाही. व्यायामाची सायकल जागची हलत नाही आणि आडवीही होत नाही, तेव्हा पाय जमिनीला टेकण्याची गरजच नसते.

सीट लावायची पद्धत अशी. सायकलच्या बाजूला सरळ उभे राहा. कमरेच्या बाजूला हाताला लागणारं हाड जिथे आहे, साधारण तेवढ्या उंचीवर सीट आणा. हे झालं अंदाजाचं माप. मग हँडल धरून, एक पॅडल अगदी खाली आणून त्यावर पाय देऊन वर चढा. बसल्यावर खालच्या पॅडलवर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलती करावी लागता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, म्हणजे नेहमी पॅडल मारताना ठेवतो तसा. गुडघ्यात पंचवीस-तीस अंशांचा हलका वाक दिसेल. हीच उंची. चालवताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं, तर सीट एक भोक वर. मागच्या बाजूला लवणीत ताणल्यासारखं झालं, तर एक भोक खाली. सीटच्या दांड्यावर आकडे असतात. आपला आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण उद्या तुमच्या आधी त्या सायकलवर सहा फुटी पोरगा बसलेला असेल.

उंचीनंतर भार. इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. हळूहळू, जड भारानं पॅडल मारणं गुडघ्याला सोपं वाटतं, कारण घाई नसते. पण स्क्रीनवर वॉट तेवढेच असतील, तर पॅडल जितकं सावकाश फिरेल तितका प्रत्येक फेरीला जोर जास्त लागतो, आणि तो जोर सांध्यातून जातो. बर्लिनच्या मोजणीतही हेच निघालं. म्हणून भार पहिल्या-दुसऱ्या पायरीवर ठेवा आणि मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या होतील इतपत पाय हलके फिरू द्या. पॅडलवर उभं राहायचं नाही. पावलाचा पट्टा सैल, पाऊल ज्या कोनात आपसूक पडतं त्याच कोनात.

गुडघा ताठ झाला असेल आणि पूर्ण फेरीच होत नसेल, तर सीट आणखी थोडी वर घ्या आणि पॅडल पुढे-मागे अर्धं-अर्धंच झुलवा. काही दिवसांत फेरी आपोआप पूर्ण होते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना फिजिओथेरपिस्ट सुरुवातीला हेच करायला लावतात, पण ते कधी सुरू करायचं हे तुमचा सर्जन सांगेल, जिमचा ट्रेनर नाही.

सायकलीतही प्रकार आहेत. पाठीला टेकू असलेली, पाय पुढे पसरून चालवायची रिकंबंट सायकल कंबर आणि गुडघा दोन्ही दुखणाऱ्यांसाठी सगळ्यात सोयीची, उतरा-चढायलाही सोपी. स्पिन बाइकपासून मात्र लांब राहा. तिचं चाक जड असतं आणि बहुतेक स्पिन बाइकवर तुम्ही पाय थांबवलात तरी पॅडल फिरतच राहतात, पायाला ओढत नेतात. घरोघरी घेतलेली एअर बाइक, जिच्या हँडलवर हल्ली टॉवेल वाळत असतात, ती वाईट नाही. फक्त तिचा भार पंख्यावर चालतो, जितकी जोरात मारू तितकी जड होते. तेव्हा सावकाशच मारा, आणि सीट वर करता येते का ते विकत घेण्याआधी बघा.

ट्रेडमिलबद्दलची भीती आपल्याकडे अनेकांच्या मनात हृदयाच्या दवाखान्यातून बसलेली आहे. टीएमटी केलेली असते, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गुडघे बोंबलू लागलेले असतात. ती चाचणी मुळात दमवण्यासाठीच आहे. अमेरिकेतल्या सिॲटलचे डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेल्या पद्धतीत पट्टा सुरुवातीलाच दहा टक्के चढावर असतो आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. व्यायामाला असं काही करायचं नसतं. (ज्यांचे गुडघे खरोखर खराब आहेत त्यांनी टीएमटीआधी डॉक्टरांना तसं सांगावं, सपाटीपासून सुरू होणारी सौम्य पद्धत आहे आणि न चालता करायच्या चाचण्याही आहेत.)

ट्रेडमिलवर चढताना थेट पट्ट्यावर उभं राहू नका. दोन बाजूंच्या स्थिर कडांवर पाय ठेवा, लाल दोरीची चिमटी आपल्या कपड्याला अडकवा, मग यंत्र सर्वांत कमी वेगावर सुरू करा आणि पट्टा सरकताना दिसला की एक-एक पाय त्यावर घ्या. ती दोरी शोभेला नाही. तुम्ही मागे घसरलात तर ती खेचली जाऊन पट्टा थांबतो. जिममध्ये ती हरवलेली असेल किंवा लोहचुंबकाच्या तुकड्यानं काम भागवलेलं असेल, तर त्या यंत्रावर चढू नका.

वेग घरातल्या चालीचा, ताशी तीनच्या आसपास. कठड्यावर बोटं टेकवायला हरकत नाही, तोल कमजोर असेल तर टेकवाच. पण कठडा घट्ट धरून मागे झुकून चालावं लागत असेल, तर वेग तुमच्यासाठी जास्त आहे. चढ लावून कठड्याला लोंबकळणारे लोक तर आपल्याच कंबरेची आणि खांद्याची वाट लावतात, आणि स्क्रीनवरच्या कॅलरीचा आकडा खोटा करतात तो वेगळाच. सुरुवातीला चढ शून्य. पुढे एक-दोन टक्के चालेल. त्यानं पोटरीला आणि टाचेमागच्या जाड शिरेला काम वाढतं, हे टाचदुखीवाल्यांनी ध्यानात ठेवावं. काही महाग यंत्रांवर उतारही लावता येतो. तो गुडघेदुखीवाल्यांनी कधीच लावू नये. थांबताना वेग टप्प्याटप्प्यानं खाली आणा. उतरल्यावर जमीन क्षणभर सरकल्यासारखी वाटते, तेव्हा कठडा लगेच सोडू नका.

आणि लाइट. आपल्या भागात ती जाण्याची सवय सगळ्यांनाच आहे, पण चालत्या पट्ट्यावर असताना ती गेली की पट्टा जागीच थांबतो आणि शरीर पुढे जातं. तेव्हा हात कठड्याच्या जवळच असू द्या, आणि ट्रेडमिलला बॅकअप आहे का हे फी भरण्यापूर्वी विचारा. बायकांसाठी एक अधिकची सूचना: साडी किंवा लांब ओढणी घेऊन पट्ट्यावर आणि पॅडलवर नको. पंजाबी ड्रेस घालणार असाल तर ओढणी बाजूला ठेवा, सलवारीचा घेर घोट्याशी आवरा. चपलेवर आणि अनवाणी अजिबात नाही.

ट्रेडमिलचा या भागातला एक उपयोग मला फार पटतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. एकदा तरी त्यातला एखादा टप्पा चालायचाच, असं मनात धरलेली गुडघेदुखीची कितीतरी माणसं इथे आहेत. आषाढाच्या तोंडावर आठवडाभर चालून ते जमत नाही. माघ-फाल्गुनात सायकलनं सुरुवात करून, चैत्रात ट्रेडमिलवर किंवा सकाळच्या गारव्यात सपाट रस्त्यावर मिनिटं वाढवत नेली, तर मांडीला ताकद यायला वेळ मिळतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पत्र्याखालच्या जिममध्ये दुपारी मात्र जाऊ नका.

क्रॉस ट्रेनर म्हणजे एलिप्टिकल. हिच्याबद्दल ‘गुडघ्यावर अजिबात लोड येत नाही’ असं ट्रेनर छातीठोकपणे सांगतात. अर्धं खरं आहे. पाऊल पॅडलवरून उचललं जात नाही, म्हणून हिसका बसत नाही. पण माणूस उभाच असतो, पूर्ण वजन पायांवरच असतं. कॅलिफोर्नियात सेन्सर बसवलेल्या गुडघ्यांवर मोजलं तेव्हा क्रॉस ट्रेनरवरचा भार ट्रेडमिलवर चालण्याइतकाच, वजनाच्या दुपटीच्या आसपास निघाला. तेव्हा ही दुसऱ्या महिन्याची गोष्ट. चढताना जे पॅडल खाली आहे त्यावर आधी पाय. टाचा टेकलेल्या, गुडघे किंचित वाकलेले, पण पावलाच्या फार पुढे जाऊ न देता. पॅडलचा फेरा ठरलेला असतो; बुटक्या व्यक्तीला तो लांब पडून खुबा दुखू लागला, तर यंत्र बदला, सवय होईल म्हणून रेटू नका. उलटं चालवण्याची हौस नको, त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि वाटीवर ताण वाढतो.

स्टेपर म्हणजे संपत नसलेला जिना. वर दिलेले आकडे आठवा आणि सोडून द्या. रोइंगला गुडघा पूर्ण दुमडतो आणि कंबर वाकते. पहिलं वर्ष नको.

गावोगावी ग्रामपंचायतींच्या बागांत बसवलेल्या ओपन जिमबद्दल लोक विचारतात. फुकट आहे, मोकळ्या हवेत आहे, चांगलंच आहे. पण त्या सायकलींची सीट बहुधा वरखाली होत नाही, तेव्हा गुडघा फार दुमडत असेल तर ती सोडा. लोंबकळत पाय पुढे-मागे झुलवायच्या एअर वॉकरवर पोरं पायाची फाक करतात तसं न करता वीतभरच झोका घ्यावा, नाहीतर कंबर धरते.

गुडघ्याखेरीज बाकीचे सांधे. जांघेत दुखत असेल तर ते बहुधा खुब्याचं; सायकलची सीट थोडी वर आणि हँडल जवळ, म्हणजे मांडी पोटाकडे फार येत नाही. कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्यानं चार पावलं चालताच पाय जड पडणाऱ्यांना पुढे झुकून सायकल चालवणं सोसतं. गादी सरकलेल्यांना नेमकं तेच सोसत नाही, त्यांनी पाठ टेकवूनच बसावं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते त्यांना सायकल बरी. आमवात असेल, बोटं आणि मनगटं सुजलेली असतील, तर क्रॉस ट्रेनरचे हलते दांडे आवळून धरू नका, आणि सूज भरात असताना जिमला सुट्टीच द्या.

किती दुखलं तर चालेल? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर स्क्रीनवर नसतं. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायामाच्या वेळी दोन-तीनपर्यंत दुखलं तर घाबरू नका, जुन्या गुडघ्याला तेवढी कुरकुर करू द्यावी. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठल्यावर गुडघा रोजच्याइतकाच असेल, तर कालची मात्रा बरोबर होती. चोवीस तासांनंतरही दुखणं चढलेलंच असेल किंवा सूज दिसत असेल, तर मात्रा निम्म्यावर आणा. बंद करू नका. एक्स-रेवरची ग्रेड काय म्हणते यापेक्षा हा निकाल जास्त भरवशाचा, कारण फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचं गणित नेहमी जुळतंच असं नाही.

म्हणूनच वेदनाशामक गोळी खाऊन जिमला जाऊ नका. गोळीनं दुखणं थांबतं, भार थांबत नाही, आणि मग सांगणारं कुणी उरत नाही. गुडघेदुखीवर बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या तर फेकूनच द्या. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघालं तर हाडं, साखर आणि रक्तदाब तिन्ही बिघडतात.

वेळापत्रक साधं ठेवा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, सायकलवर पाच ते आठ मिनिटं. सकाळचा निकाल चांगला असेल तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: मिनिटं वाढवली त्या आठवड्यात भार तोच. वीस मिनिटं आरामात झाली की मग भार एक पायरी वर, किंवा एक दिवस ट्रेडमिल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते; तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तरी बिघडत नाही, आणि ती मिनिटं तुकड्यातुकड्यांत केली तरी चालतात. वेग मध्यम आहे की नाही हे बघायला नाडी मोजण्याची गरज नाही. हरिपाठाची एखादी ओळ धाप न लागता म्हणता आली पाहिजे, पण आरामात चाल लावून गाता येता कामा नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर हीच खूण पाळावी, कारण त्या गोळ्यांनी नाडी दाबलेली असते आणि यंत्रावरचा हृदयाचा आकडा फसवतो.

सायकलीच्या जोडीला मांडीची ताकद हवी. त्यासाठी यंत्र लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. आठ-दहा वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. आणि वजन. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गुडघ्याची झीज असलेल्या वजनदार लोकांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शरीराचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार उतरतो, असं त्यात निघालं. पाच किलो उतरवणाऱ्यानं पावलागणिक वीस किलो उतरवले. त्यासाठी रात्रीच्या ताटाकडे जिमपेक्षा जास्त लक्ष द्यावं लागेल, हे ज्याचं त्याला माहीत असतं.

काही माणसांनी मात्र आधी दवाखाना, मग जिम. गुडघा अचानक अडकतो किंवा चालताना दगा देतो, सांधा लाल आणि गरम झालाय, सोबत ताप आहे, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखते: यातलं काहीही असेल तर. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, न शोभणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर यंत्र त्याच क्षणी थांबवून थेट रुग्णालय. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, इंदापूरला सरकारी रुग्णालय आहे. ‘गॅस झाला असेल’ म्हणत घरी जाऊन झोपायचं नाही. मधुमेह असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये, खिशात साखर किंवा गोळी-बिस्किटं ठेवावीत आणि घरी आल्यावर तळपाय बघावेत. पायाला बधिरपणा असेल तर बुटातला खडा कळत नाही, आणि फोड दोन दिवसांनी दिसतो.

शेवटी दोन्ही तालुक्यांतल्या जिमचालकांना एक विनंती. पाठीला टेकू असलेली एक सायकल घ्या. ती पोरं वापरणार नाहीत, पण त्यांचे आई-बाप वापरतील. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावा. ट्रेडमिलची लाल दोरी हरवली असेल तर आजच मागवा. आणि पन्नाशीपुढचं कुणी नाव घालायला आलं, तर वजनकाट्यावर उभं करण्याआधी त्यांना विचारा, कुठला सांधा दुखतो, आणि पहिल्या दिवशी सायकलची सीट तुमच्या हातानं लावून द्या.